श्रोत्याचे कान

कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते. ज्यांना ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांनी जरा सावरून बसावं, कारण विषय दिसतो तेवढा लहान नाही. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी, असं आम्ही जन्मभर ऐकत आलो. पण पहिल्याच पायरीवर मळ साचला तर काय करायचं, हे कुठल्या कीर्तनात सांगितलेलं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

कुत्रा माझा नव्हे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा. ताई कीर्तन करते. एकदा ती घरात तालीम करत असताना एक पिल्लू उघड्या दारातून आत आलं, समोर बसलं आणि शेवटपर्यंत उठलं नाही. "मध्येच न उठणारा हा माझा पहिला श्रोता," असं ताई म्हणाली आणि तेच त्याचं नाव पडलं. श्रोत्याचे कान इतके लांब, की पाणी प्यायला वाकला की आधी कान पितात, मग तो. कीर्तनाला उभं राहिल्यावर ताई पहिल्यांदा खालच्या आवाजात विचारते, "बसलात ना सगळे?" एवढं ऐकलं की श्रोता जिथे असेल तिथून येऊन तिच्या समोर बसायचा. निरूपण सुरू झालं की ते लांब कान मुळापाशी किंचित उचलले जायचे आणि मान डावीकडे कलायची. शेवट आला की तो असा काही उसासा टाकून पंजांवर डोकं ठेवायचा, की शेजारी बसलेल्या माणसांना आपण कुठेतरी कमी पडलो असं वाटावं. मी ताईचं एकही कीर्तन चुकवलेलं नाही, पण तसा उसासा मला आजवर जमलेला नाही.

तर अशा या ताईच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया नीट झाली, पण डॉक्टरांनी बोलण्यावर बंदी घातली. जिने जन्मभर हजारोंना ऐकवलं तिच्या हातात पाटी आणि खडू आला. विश्रांतीसाठी ती तिच्या लेकीकडे परगावी निघाली आणि श्रोता आमच्याकडे आला. गाडी सुटता सुटता ताईने घाईघाईने पाटीवर काहीतरी लिहून खिडकीतून मला दाखवलं.

"याचे कान सांभाळ."

मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. केवढा विचार! स्वतःचा कंठ बंद झालेला, पुढे काय होणार ठाऊक नाही, आणि या बाईला काळजी कशाची, तर आपल्या श्रोत्याच्या कानांवर भलतंसलतं पडू नये याची. घरी येता येता मी मनाशी पक्कं केलं, की श्रोत्याच्या कानांत एकही वावगा शब्द जाऊ द्यायचा नाही.

आता मागे वळून पाहताना वाटतं, तिला फक्त कान म्हणायचे होते. पण कीर्तनाच्या नादी लागलेल्या माणसाचं हेच होतं. त्याला कोणी "पायाखाली बघ" म्हटलं तरी तो आधी अर्थ शोधतो आणि मग पडतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या मालिका बंद झाल्या. "त्या सासूचं भांडण ऐकून कुत्र्याचं काय बिघडणार आहे?" असं आमच्या हिने विचारलं. मी म्हटलं, "बिघडायला कुत्राच कशाला हवा?" वरच्या मजल्यावर भांडण लागलं की मी खिडक्या लावून घ्यायचो. दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्याला मी दारातच सांगितलं, की बाबा रे, शिव्या द्यायच्या असतील तर जिना उतरून दे. सकाळ-संध्याकाळ ताईच्या जुन्या कीर्तनांचं ध्वनिमुद्रण श्रोत्याला ऐकवायला लागलो. आता श्रवणाला पारोसं कसं बसवायचं? म्हणून रोज सकाळी त्याला डोक्यावरून आंघोळ. साबण लावून, तांब्या तांब्या ओतून. श्रोता बिचारा डोळे मिटून उभा राहायचा. मला वाटायचं, तो नामस्मरणात आहे.

थोड्याच दिवसांत तो डोकं हलवायला लागला. मी हिला म्हणालो, "बघ, डोलतोय."

"डोलत नाहीय तो," ही म्हणाली, "झटकतोय."

मग मागच्या पायाने कान खाजवणं सुरू झालं. मग खाजवताना कण्हणं. मग एक वास. आंबलेल्या पिठासारखा, गोडसर, कोंदट. मी आधी स्वयंपाकघरातली मोरी धुतली. मग चपला बाहेर ठेवल्या. एके दिवशी कचेरीतून येऊन आरामखुर्चीत टेकलो, तर श्रोता येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसला. वासाचा उगम मांडीवरच होता. कान उलटून पाहिला तर आत लाललाल, आणि त्यात काळसर तपकिरी चिकट मळ. ही माझ्या खांद्यावरून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "ताईंनी कान सांभाळ म्हटलं होतं हो. संस्कार नाही."

कानशिलं तापली. अर्थात माझी. त्याची आधीच तापलेली होती.

त्याच संध्याकाळी मी ध्वनिमुद्रण लावलं आणि खरी भीती छातीत शिरली. "बसलात ना सगळे?" ताईचा तो ओळखीचा, मऊ, भरलेला आवाज खोलीत उमटला आणि श्रोता कोपऱ्यात पाठमोरा पडून राहिला. त्याचा कान हलला नाही. मी आवाज वाढवला. समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या, वरून हेडमास्तर खाली आले, पण श्रोता उठला नाही.

ताई बोलू शकत नव्हती. आणि तिच्या एकुलत्या एक पक्क्या श्रोत्याला माझ्याकडे येऊन ऐकू येईनासं झालं होतं.

समोरच्या काकूंनी कारण विचारलं. मी सांगितलं, आणि इथे माझं चुकलं. आपल्या घराचं दार उघडं असताना अडचण मोठ्याने सांगू नये. सल्ला देण्यासाठी माणसं जेवणावरून उठतात.

"कोमट तेल घाला," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या कानात मी लग्नापासून घालतेय."

"मग फरक आहे?"

"फरक कसला? ह्यांना काही ऐकू येत नाही. पण त्यात तेलाचा दोष नाही, मुळात ऐकायचंच नसतं."

वरचे हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही ते कुणाशीही बोलताना फळ्याकडे बघितल्यासारखं बघतात. ते म्हणाले, "तेल नंतर. आधी हवा. कान झाकलेले आहेत हे मूळ कारण. कान वर घ्या आणि बांधा."

"बांधू? कशाने?"

"ते तुम्ही बघा. मी तत्त्व सांगितलं. कानांचा माझा अनुभव दांडगा आहे."

तो अनुभव कान पिळण्यापुरता होता, हे त्यांचे विद्यार्थी सांगू शकतील. पण त्या घटकेला मला सगळेच धन्वंतरी वाटत होते. हिचा केसांचा रबर घेऊन मी श्रोत्याचे दोन्ही कान डोक्यावर घेतले आणि अंबाड्यासारखे बांधले. खाली फिरायला नेलं तर सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "अय्या, कुठे निघाली ही?" श्रोत्याने मान खाली घातली. त्याच्या मानापमानाची जाणीव मला होती, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी होतो.

हवेने काही साधलं नाही म्हणून तेल. काकू स्वतः वाटी घेऊन आल्या. मी श्रोत्याला धरलं, त्यांनी ओतलं. पुढे जे झालं त्याचं वर्णन करताना मला अजून भिंतीकडे बघवत नाही. लांब कानाच्या कुत्र्याने डोकं झटकलं की ते कान पंख्याच्या पात्यांसारखे फिरतात, आणि तेल काही जागच्या जागी राहत नाही. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर छतापर्यंत ठिपके. काकूंच्या चष्म्यावर तेल. माझ्या इस्त्रीच्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत एक तिरकी ओळ, आणि दुसरा शर्ट वाळत होता. तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "काय हो, कढईत पडलात की काय?" सगळे हसले. मीही हसलो. हसताना जाणवलं, की कढईत कुणी पडलं असेल तर तो घरी कोपऱ्यात पडलाय.

येताना कापसाच्या काड्या आणल्या आणि त्या वापरल्याही. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

शेवटी हीच म्हणाली, "आता सगळे वैद्य झाले असतील तर डॉक्टरकडे जाऊ या?"

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात दोन खिडक्या होत्या. एकीवर 'मोठी जनावरे', दुसरीवर 'लहान जनावरे'. लहान जनावरांच्या रांगेत एक मांजर, एक ससा, एक पोपट आणि केसांच्या रबराचे वळ अजून कानांवर वागवणारा श्रोता. खिडकीतला कारकून मान वर न करता बोलत होता.

"जनावराचं नाव?"

"श्रोता."

"तक्रार?"

"ऐकू येत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघा, इथे कामाच्या वेळात थट्टा चालत नाही."

"थट्टा नाही हो. हाच तो."

त्याने वाकून श्रोत्याकडे पाहिलं. श्रोत्याने डोकं झटकलं. काचेवर तेलाचे दोन थेंब पडले, आणि मग त्याचा विश्वास बसला.

"मालक कोण? तुम्ही?"

"नाही. माझी थोरली बहीण."

"मग त्यांना आणा. नाहीतर त्यांना फोन लावून द्या, तोंडी संमती चालते."

"तिला बोलता येत नाही."

"म्हणजे," तो हळूहळू म्हणाला, "जनावराला ऐकू येत नाही, आणि मालकिणीला बोलता येत नाही?"

"हो."

"मग तुम्ही कोण?"

मागच्या माणसाचा पोपट ओरडला. इतकी कीर्तनं ऐकली, मी कोण हा प्रश्न किती बुवांनी किती प्रकारे विचारला आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावली. पण खिडकीतून कुणी विचारला की तोंडातून शब्द फुटत नाही. कारकुनालाच माझी दया आली असावी. "असं करू," तो म्हणाला, "इथे लिहितो, सांभाळणारा. चालेल ना?"

मी चालेल म्हणालो. चालायला नको होतं, पण म्हणालो.

आत डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, आणि बोलण्यात माझ्या आईएवढ्या. त्यांनी कानात दिवा लावून पाहिलं.

"तेल कुणी घातलं?"

"समोरच्या काकूंनी," मी लगेच म्हणालो.

"रोज आंघोळ?"

"मी."

"कापसाची काडी?"

"तीही... मीच."

"मग काकूंनी त्या मानाने फारच कमी केलंय," असं म्हणून त्यांनी हात कोपरातून वळवून दाखवला. "कुत्र्याच्या कानाची नळी अशी असते. आधी खाली, मग आत. वरून पाणी गेलं की वळणावर बसतं. लांब कान वर झाकणासारखे, म्हणजे ओल सुकणार कशी? त्यात काडी घातली की मळ निघत नाही, अजून आत ठोसला जातो. तेलाने ओल आतच अडकते. कळलं?"

मला नको तेवढं कळलं. आधी खाली, मग आत. म्हणजे वरवरचं काही तिथे पोचतच नाही, आणि जे एकदा पोचलं ते सहजी बाहेर येत नाही. माणसाच्या कानाची बांधणी देवाने वेगळी केली असेल, पण वापर सारखाच दिसतो.

त्यांनी एक बाटली काढली आणि करून दाखवलं. कान वर उचलायचा. औषधी पाणी नळी भरेल एवढं ओतायचं. मग कानाच्या बुडाशी, बाहेरून, दोन बोटांनी चोळायचं. आतून पचपच आवाज यायला लागला की समजायचं, वळणापर्यंत पोचलं. मग सोडायचं आणि मागे सरायचं. "त्याला झटकू द्या. मळ तोच बाहेर काढतो. तुम्ही फक्त बोट जाईल तिथवर कापसाने पुसा. त्याच्या पुढे तुमचं काही काम नाही. मग हे थेंब." बरं झाल्यावर रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे, आणि आंघोळ घातली तर नंतर कान कोरडे करायचे. "आणि अधूनमधून कान उलटून वास घेत जा."

"कुत्र्याच्या कानाचा?"

"मग कुणाच्या?"

मी हळूच विचारलं, "डॉक्टर, ऐकू येईल ना त्याला?"

त्यांनी दिवा बंद केला. "सूज फार आहे. उतरल्यावर कळेल. आत्ता हो म्हणणार नाही. आणि हे सगळं मालकिणीच्या कानावर घाला."

मी बाटलीकडे पाहिलं. "हे औषध?"

त्यांनी डोळे मिटले. "औषध कुत्र्याच्या कानात. बातमी मालकिणीच्या कानावर. उलट करू नका."

मी दोन्ही करणार नव्हतो, फक्त पहिलं करणार होतो. ताई तिकडे आपल्या गळ्याची काळजी करत असताना तिला हे कळवायचं? ती पाटीवर विचारायची, लेक तिची पाटी वाचून मला फोनवर सांगायची: "आई विचारतेय, श्रोता कसा आहे?" मी म्हणायचो, "आनंदात!" आणि श्रोता कोपऱ्यात पडलेला असायचा.

औषध सुरू झालं. पहिल्या दिवशी मी, ही आणि काकू मिळून एका कुत्र्याला धरत होतो, आणि शेवटी ओले झालो ते आम्ही तिघं. पण हळूहळू हात बसला. पचपच आवाज ऐकला की मला आता बरं वाटायला लागलं, जसं निरूपणात नेमका दृष्टांत आला की वाटतं. वास कमी झाला. लाली उतरायला लागली. श्रोता मात्र बाटली दिसली की पलंगाखाली जायचा, आणि हाक मारली तर येत नव्हता. रुसलाय, की ऐकू येत नाही, ते समजेना. मी पलंगाखाली वाकून विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

अशाच एका सकाळी, श्रोत्याचा कान माझ्या डाव्या हातात, बाटली उजव्या हातात आणि फोन खांदा आणि गालाच्या मध्ये, असं असताना चिटणिसांचा फोन आला.

कीर्तन मंडळाचे चिटणीस म्हणजे पहिल्या रांगेतले श्रोते. बसायला घरून गादी आणतात आणि इतकं अत्तर लावतात, की त्यांच्या मागच्या दोन रांगा आपोआप मोकळ्या राहतात. ते म्हणाले, "ताईंच्या पुनरागमनाचं ठरवू या. सभागृह धरून ठेवलंय. श्रोते अगदी वाट बघताहेत हो!"

त्याच क्षणी श्रोता माझ्या हातून सुटला. आतून ही ओरडली. तिचा आवाज फोनमध्ये किती स्वच्छ जातो, ते मला नंतर कळलं.

"अहो, श्रोता आला बघा इकडे! काय घाण वास मारतोय! पुसल्याशिवाय त्याला आत घेऊ नका, नवी चादर घातलीय!"

आणि मी, फोन तसाच गालाशी धरून, तिला म्हणालो, "उगाच ओरडू नकोस! श्रोत्याला ऐकू येत नाही हे माहितेय ना तुला? कितीही ओरडलीस तरी काय उपयोग?"

मग चिटणीस अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "बरं. हे सगळं मी ताईंना कळवतो," आणि फोन ठेवला. मला वाटलं, ते सभागृहाबद्दल बोलताहेत.

संध्याकाळी ताईचा संदेश आला. फोनवर ती स्वतः सहसा लिहीत नाही, पण हा तिनेच लिहिला होता.

"चिटणिसांकडून कळलं. श्रोत्यांना ऐकू येत नाही, श्रोत्यांना आत घ्यायचं नाही, असं तुमच्याकडे बोलणं झालं म्हणे. तुझं चुकलं नाही. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिलीय, मी एकटीने आवाज लावून पाहिला. माझा मलाच ओळखू आला नाही. तेव्हा कीर्तन आता पुरे. तू म्हणालास ते बरं झालं, दुसरं कुणी म्हणालं असतं तर लागलं असतं."

मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. शेवटची ओळ वाचून मला धड बसवेना. चिटणिसांचा राग येईना, कारण त्यांनी ऐकलं तेच सांगितलं होतं. हिचा येईना. स्वतःचा यायला हरकत नव्हती, पण त्यानेही काही होणार नव्हतं. एक कुत्र्याचा कान मी लपवला, आणि तिकडे एका बाईने आपला गळा मिटून घेतला.

"आता तरी घाला ताईंच्या कानावर," ही म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

मी लिहायला बसलो. "श्रवणाचं महत्त्व तू आम्हाला शिकवलंस..." इथून सुरुवात केली. हिने वाचलं आणि म्हणाली, "पूर्वरंग नको. थेट कथेला या."

मग लिहिलं: "ताई, श्रोता म्हणजे कुत्रा. त्याचे कान मी बिघडवले. रोज आंघोळ घातली, तेल घातलं, काड्या घातल्या. वास कानाचा होता, माणसांचा नव्हे. त्याला ऐकू येतं की नाही मला माहीत नाही. तुझ्या आवाजाबद्दल कुणी काही बोललेलं नाही, कारण तो अजून कुणी ऐकलेलाच नाही."

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईच आली.

दारात उभी राहिली ती सामान, पाटी आणि खडू घेऊन. थकलेली दिसत होती. मी वाकून नमस्कार केला तर तिने डोक्यावर हात ठेवला, पण बोलली नाही. बोलायची परवानगी होती, तरी पाटीवरच लिहिलं: "कुठे आहे?"

श्रोता पलंगाखाली होता. औषधाची वेळ झाली होती आणि बाटली मेजावर. ताई दारातून आत आली, तरी तो हलला नव्हता. एरवी जिन्यात तिचं पाऊल वाजलं की दार खरवडून काढायचा.

मी हाक मारली. हिने मारली. बातमी पोचायला आमच्या दाराला वेळ लागत नाही, त्यामुळे दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंनीही मारली. पलंगाखालून काहीच नाही. काळोखात दोन डोळे चमकत होते, आमच्याकडे न बघता.

ताई जमिनीवर बसली, मग आडवी झाली. गालाला फरशी लावून तिने आत पाहिलं. पाटी पुसली, काहीतरी लिहिलं आणि हात लांब करून ती पाटी पलंगाखाली श्रोत्यासमोर धरली.

मी वाकून वाचलं. "ये ना रे."

कुणी हसलं नाही. काकूसुद्धा. ताईने तशीच पाटी धरून ठेवली, थोडा वेळ. मग तिचं तिलाच काय ते उमगलं. तिने पाटी बाहेर ओढली, उलटी ठेवली आणि उठून बसली. गळ्याला हात लावला. आमच्या कुणाकडे न बघता, पलंगाच्या कडेकडे बघत, तिने विचारलं:

"बसलात ना सगळे?"

तो आवाज ताईचा नव्हता. पत्र्यावर वाळू ओतावी तसा खरखरीत, मध्येच तुटलेला. "सगळे" हा शब्द तर निम्मा हवेतच गेला. तिचा चेहरा आक्रसला. मला वाटलं, आता ती कधीच बोलणार नाही.

पलंगाखाली नखं वाजली.

आधी नाक आलं, मग एक कान धूळ पुसत आला, मग दुसरा. श्रोता बाहेर आला, अंग झटकलं आणि ताईच्या समोर, ठरलेल्या अंतरावर, जाऊन बसला. कान मुळापाशी किंचित उचलले गेले. मान डावीकडे कलली.

माझ्या लक्षात आलं की मीही खाली बसलोय. ही बसली होती. काकू दारातच उंबऱ्यावर बसल्या होत्या. तिने विचारलं होतं ना, बसलात ना सगळे म्हणून.

ताई रडली नाही. तिने श्रोत्याचा कान उचलला, उलटला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. मग माझ्याकडे वळून त्या नव्या आवाजात म्हणाली, "तुला लिहून दिलं होतं ना, कान सांभाळ म्हणून?"

"सांभाळले की," मी म्हणालो. "एक वावगा शब्द पडू दिला नाही."

तिला आधी कळलं नाही. मग समजलं तशी हसायला लागली. हसण्याचा आवाजही नवाच होता, पण हसणं जुनं होतं. "बाटली आण," ती म्हणाली. "आणि हे करता करता मी जरा बोलते. आवाज टिकतो का बघू या. याला चालतंय तोवर."

तिने धरलं, मी ओतलं. ती चोळत होती आणि बोलत होती. पलंगाखाली लपलेल्या एका जिवाची गोष्ट, तिथल्या तिथे रचलेली. आवाज कुठे बसायचा, कुठे फुटायचा, एका ठिकाणी तर तो पुरता गेला आणि ती थांबली. श्रोता वाट बघत राहिला. कानात पाणी, बुडाशी तिची बोटं, आतून पचपच, आणि तरी मान कललेलीच. मग त्याने एकदा जोरात डोकं झटकलं. औषध माझ्या चष्म्यावर, शर्टावर आणि भिंतीवरच्या जुन्या ठिपक्यांच्या शेजारी गेलं. मी पुसलं नाही. पहिल्या रांगेत बसल्यावर एवढं चालायचंच.

तेवढ्यात फोन वाजला. चिटणीस. आवाजात अजून फुरंगटलेपण होतं. "सभागृह सोडायचं की ठेवायचं, तेवढं सांगा. उगाच अडवून कशाला ठेवायचं? आमच्यासारख्या श्रोत्यांचं तुमच्या घरात काय मत आहे, ते आम्ही ऐकलंच आहे."

मी काहीच समजावलं नाही. समजावण्याने आत्तापर्यंत काय झालं होतं ते दिसतच होतं. मी फक्त फोन खोलीच्या मधोमध धरला. ताईला माहीत नव्हतं. ती श्रोत्याचा कान पुसत होती आणि त्या खरखरीत, वाटेत थांबणाऱ्या आवाजात गोष्ट पुढे नेत होती.

बराच वेळ फोनमधून काही आलं नाही. मला वाटलं, त्यांनी ठेवला. मी कानाशी नेला, तर चिटणीस हळूच, कुणाला व्यत्यय येऊ नये अशा बेताने म्हणाले, "अहो, जरा जवळ धरा ना."

मी धरला.